टेपर म्हणजे काय?

माझ्या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. ते नीट उच्चारता यायला मला तीन आठवडे लागले. त्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळायला त्याहून कितीतरी जास्त दिवस गेले, आणि त्या मधल्या दिवसांत मी मरता मरता वाचले. आजार वाईट आहेच. पण त्या टोकापर्यंत मला एकट्या आजाराने नेलं नाही. एक शब्द मला समजला नव्हता आणि मी समजल्यासारखी मान हलवली होती. माझ्यासारखी मान हलवणारे आणखी पुष्कळ लोक दवाखान्याच्या बाकांवर बसलेले असतात, म्हणून हे लिहिते आहे.

मी आर्वीला कृषी विभागात अधिकारी आहे. माहेर आंजीचं. वडील दुसऱ्यांच्या वावरात कामाला जायचे, आई निंदायला. आमच्या वस्तीतून सरकारी अधिकारी झालेली मी पहिली मुलगी. नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, "सुजाता, चार लोकांत बोलशीन तवा तुहा शब्द खाली नाई पडला पायजे." मी तो पडू दिला नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापन, आर्थिक नुकसान संकेत पातळी, परभक्षी कीटकांचे संवर्धन असे शब्द मी पाठ केले, मिरवले, लोकांच्या अंगावर टाकले. इस्त्रीची साडी नेसल्यावर जसं वाटतं तसं मला ते शब्द बोलताना वाटायचं. ते तोंडात असले की बैठकीत कोणी मला "ए बाई, सरक जरा" म्हणायची हिंमत करत नसे.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

*

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. संध्याकाळी ऑफिसातून आले की ती खाली यायची. आमचे हे, विलास, आर्वीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आहेत. दिवसभर गाड्या आणि प्रवाशांचे चेहरे बघण्यात त्यांची नजर तयार झालेली. ते म्हणाले, "तुहा एक डोळा झोपून राह्यला." मी म्हटलं, कामाचा थकवा. सकाळी पापणी जागेवर असायची, त्यामुळे माझंही खरं वाटायचं.

मग एप्रिलमध्ये वर्ध्याला आढावा बैठक होती. गुलाबी बोंडअळीवर मला बोलायचं होतं. पहिली पाच मिनिटं बरी गेली. त्यानंतर माझा आवाज नाकातून यायला लागला. मी मोठं वाक्य उचललं, आणि ते मधेच माझ्या जिभेवर विरघळलं. 'व्यवस्थापन' म्हणायला गेले तर 'व्य' च्या पुढे जिभेने ऐकलंच नाही. शेजारच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी प्यायले तर अर्धं हनुवटीवरून साडीवर. मी सर्दीचं कारण सांगून बसले. परतीच्या गाडीत रडले नाही, पण खिडकीकडे तोंड करून बसले आणि 'व्यवस्थापन', 'व्यवस्थापन' पुटपुटत राहिले. आर्वी येईपर्यंत तो शब्द एकदाही पूर्ण झाला नाही.

*

निदानाचा दिवस मला बर्फामुळे लक्षात आहे.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूविकाराचे नावाजलेले डॉक्टर होते. दवाखान्याचं आणि त्यांचं नाव मी देत नाही. त्यांनी बर्फ मागवला, रुमालात गुंडाळून माझ्या पापणीवर दोन मिनिटं धरला आणि काढला. पापणी वर गेली, पूर्ण. आरशात बघितलं तर मला माझा जुना चेहरा दिसला. मला वाटलं झाले बरी. डॉक्टरांभोवतीचे पाचसहा शिकाऊ डॉक्टर मात्र एकदम गंभीर झाले. मोठे डॉक्टर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. वाक्यं भराभर जात होती, त्यातले 'ऑटोइम्यून', 'बल्बर', 'क्रायसिस' एवढे शब्द मला ऐकू आले. मग ते आमच्याकडे वळले, तेच थोडक्यात पुन्हा इंग्रजी-मराठीत म्हणाले आणि विचारलं, "ओके? एनी डाउट?"

मी मान हलवली. विलासनीही हलवली.

जिन्यावर आल्यावर मी विचारलं, "काय झालं म्हणाले मला?"

विलास थांबले. "मले काय विचारतं? तू अधिकारी आहेस. मले वाटलं तुले समजलं."

"मला वाटलं तुम्हाला समजलं."

आम्ही दोघं जिन्याच्या कठड्याला धरून हसलो. खरंच हसलो. परत वर जाऊन "डॉक्टर, आम्हाला समजलं नाही" एवढं म्हणायचं होतं. पंधरा पायऱ्या होत्या. पण मला त्या चढता आल्या नाहीत, आणि त्याचं कारण आजार नव्हतं. 'म्हणजे काय?' असं विचारणं म्हणजे परत आंजीच्या शाळेत शेवटच्या ओळीत जाऊन बसणं, असं मला वाटलं. त्या ओळीतून उठून यायला मला तीस वर्षं लागली होती.

*

गोळ्या सुरू झाल्या. एक गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी. दुसरी, म्हणजे स्टेरॉइड, रोज सकाळी जेवणानंतर, एकदम सहा. फरक पडला. आवाज परतला, भाकरी चावता येऊ लागली. पण चेहरा सुजला. गाल असे फुगले की ऑफिसातल्या बाया म्हणाल्या, "मॅडम, तब्येत सुधरली तुमची!" भूक आवरत नव्हती, झोप उडाली होती, चिडचिड व्हायची. मुलगी अनू बारावीत. तिच्यावर विनाकारण ओरडायचे आणि मग तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहायचे.

तिसऱ्या तपासणीला डॉक्टर खूष झाले. "व्हेरी गुड. आता स्टेरॉइड टेपर करू," म्हणाले आणि कागदावर इंग्रजीत तीन शब्द लिहिले. 'टेपर अँड स्टॉप'. खाली काही आकडे आणि बाण होते, ते डॉक्टरांच्या अक्षरात.

टेपर. हा शब्द मी कुठेतरी ऐकला होता. विचारायला तोंड उघडलं, तर मागे बाकावर वीस लोक वाट बघत होते आणि डॉक्टरांनी पुढचा कागद हातात घेतला होता. बाहेर औषधांच्या दुकानातल्या माणसानेही कागद पाहिला. "स्टॉप लिहिलंय, मॅडम," म्हणाला. त्या तीन शब्दांतला मला समजलेला तेवढाच शब्द होता, आणि मनातून हवा होता तोही तोच. दुसऱ्या दिवसापासून मी स्टेरॉइड बंद केलं. सहाच्या सहा गोळ्या, एका दिवसात.

आज मला माहीत आहे, आणि हे वाचणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. टेपर म्हणजे हळूहळू कमी करणं. सहावरून पाच, पाचवरून चार, डॉक्टर सांगतील तसं, महिनोन्‌महिने. ही गोळी एकदम बंद करायची नसते.

*

अकराव्या सकाळी मी पोह्याचा घास तोंडात घेतला आणि तो तिथेच राहिला. गिळायचं कसं हेच जणू मी विसरले. चहाचा घोट घेतला तर तो नाकातून बाहेर आला. विलास अंगणात गाडी पुसत होते. मी हाक मारली, आवाज निघाला नाही. मान छातीवर पडली. ओट्यावरचा तांब्या कोपराने ढकलला, तो पडून फरशीवर गडगडत गेला, तेव्हा ते धावत आले.

आर्वीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता नागपूरला पाठवलं. रस्ताभर मला वरचं पांढरं छत दिसत होतं आणि माझा श्वास मोजून मोजून येत होता. विलास एकच वाक्य बोलत होते, "झालंच आता, आलंच नागपूर." कारंजाही आलं नव्हतं.

नागपूरला त्याच दवाखान्यात घशात नळी घातली आणि मशीन माझ्यासाठी श्वास घ्यायला लागलं. नऊ दिवस.

या आजारात डोकं पूर्ण जागं असतं. ऐकू येतं, समजतं. पापण्या फटीएवढ्याच उघडतात म्हणून लोकांना वाटतं ही झोपली आहे. सकाळी सहाला अंग पुसायचे, आठला नाकातल्या नळीतून दूध, दहाला डॉक्टरांची फेरी. फेरीत माझ्या पायाशी उभे राहून ते माझ्याबद्दल बोलायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. एक नर्स जाताना माझ्या पायाचा अंगठा हळूच दाबून जायची. ती कधी काही बोलली नाही, पण दिवसभरात मी त्या अंगठ्याची वाट बघायचे.

तिसऱ्या दिवशी उजवा हात थोडा हलला. नर्सने बोटांत पेन दिला. मी तीन शब्द लिहिले. 'मी मरणार का?'

फेरीतल्या एका डॉक्टरांनी ते वाचलं आणि सांगायला सुरुवात केली की प्रोग्नोसिस साधारणपणे फेवरेबल असतं, पण रिस्पॉन्सवर अवलंबून आहे. मी डोळे मिटून घेतले. तीन शब्द विचारायला माझी दिवसभराची ताकद खर्च झाली होती.

*

चौथ्या दिवशी आंजीहून आई आली. माझी आई दुसरी शिकलेली. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. अतिदक्षता विभागाच्या दारातल्या सुरक्षारक्षकाला "जय भीम भाऊ" करून ती आत आली. विलासवर ती चिडलेली होती. बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. "तुमी संग गेलते ना विलासराव? मंग तुमी काऊन नाई इचारलं?" विलास त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या न विचारण्याची शिक्षा त्यांना मिळत होती.

आई माझ्याजवळ उभी असतानाच फेरी आली. मोठे डॉक्टर, मागे सगळे. इंग्रजी सुरू झालं. आईने मिनिटभर ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टर साहेब, थांबा जरासक."

मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू? घशात नळी, श्वास मशीनचा, आणि मला लाज वाटली की माझी आई या लोकांसमोर वऱ्हाडीत बोलते आहे.

"तुमी हे एकमेकांसाठी बोलून राह्यले," आई म्हणाली. "ते बोला. पण माह्या पोरीसाठी काय बोलता? तिले ऐकू येते. तिले समजंल असं सांगा, अन्‌ मले बी."

मोठ्या डॉक्टरांनी मागे पाहिलं. मागच्या रांगेतली एक तरुण डॉक्टर पुढे आली. श्रद्धा तिचं नाव, पुलगावची, वडील तिथल्या डेपोत नोकरीला. इतके दिवस मी तिचं फक्त इंग्रजी ऐकलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "ताईचा मेंदू चांगला आहे. तो हुकूम सोडते, की श्वास घे, गिळ, डोळा उघड. हाताचे, घशाचे स्नायूबी चांगले आहेत. पण मधात निरोप पोचून नाई राह्यला. तिच्याच रक्तातले शिपाई तो निरोप अडवून राह्यले. आमी ते रक्त धुऊन त्या शिपायांले बाहेर काढून राह्यलो. तीनदा धुतलं, अजून दोनदा धुवाचं आहे."

"म्हंजे पाटात पाणी सुटलं, पण वाफ्याच्या तोंडाशी गाळ आहे."

"हो मावशी."

"गाळ निघते?"

"निघते. वेळ लागते. ताई वाचणार आहे. बहुतेक करून वाचणार आहे, असंच आमाले वाटते."

माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला माझा आजार समजला होता. त्याला पंधरा वाक्यंही लागली नव्हती.

मोठ्या डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसले. "स्टेरॉइड एकदम का बंद केलं तुम्ही?" त्यांनी विचारलं. रागात नव्हते.

मी पेन मागितला. वेळ लागला, ते थांबले. मी लिहिलं, 'टेपर म्हणजे काय?'

त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही विचारलं?"

मी लिहिलं, 'लाज.'

"आणि मी का नाही सांगितलं, हे मला विचारा," ते म्हणाले. "माझ्याकडे तर तेवढंही कारण नाही." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

विलास तक्रार करायच्या विचारात होते. दोन दिवस आमचं त्यावर चाललं, म्हणजे ते बोलायचे आणि मी मान हलवायचे, या वेळी नकाराची. डॉक्टरांची चूक मला माफ करायची नव्हती. पण तिथे अर्धी चूक माझी होती, आणि त्या अर्ध्याचं काय करायचं ते मी ठरवलं होतं.

*

नळी निघाल्यावर माझ्याकडे थोडेच शब्द उरले. दहा-बारा शब्द बोलले की आवाज नाकात जायचा, मग अर्धा तास विश्रांती. त्यामुळे जे सांगायचं ते आधी सांगायला शिकावं लागलं. 'उपरोक्त', 'अनुषंगाने', 'सदर बाबतीत' परवडत नव्हते. 'पाणी हवं', 'मान वर करा', 'अनूला सांगा, अभ्यास कर'. विलासना मी म्हटलं, "चूक माझी. तुमची नाही." चार शब्द. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी हटून बसले. कागद घेऊन निघायचं नाही. कोणती गोळी कशासाठी, केव्हा, किती, विसरली तर काय, काय झालं तर धावत यायचं, हे सगळं डॉ. श्रद्धाने मराठीत सांगितलं. मग मी ते माझ्या शब्दांत तिला परत सांगितलं. मग विलासनी. मग आईने. आई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली. मागे रांग खोळंबली होती. खोळंबू दे, म्हटलं.

तेव्हापासून प्रत्येक तपासणीला मी तेच करते. 'म्हणजे काय?' आता पटकन येतं तोंडात. पहिल्या वेळी घाम फुटला होता. दुसऱ्या वेळी कमी. बाकावर बसलेली एक बाई मला एकदा म्हणाली, "तुमी इचारलं म्हणून मलेबी समजलं."

*

पाच महिन्यांनी ऑफिसला रुजू झाले. टेबलावर फवारणीची जुनी पत्रकं होती, मी स्वतः लिहिलेली. 'आर्थिक नुकसान संकेत पातळी ओलांडल्यास शिफारसीत मात्रेत फवारणी करावी. योग्य वैयक्तिक संरक्षक साधनांचा वापर अनिवार्य.' मी ते वाचत बसले. विषारी औषधाच्या डब्याजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी मी हे लिहिलं होतं. किती जणांनी समोर बसून मान हलवली असेल, आणि घरी जाऊन एकमेकांना विचारलं असेल, मॅडम काय म्हणाल्या?

मला एक बाई आठवली, दोन वर्षांपूर्वीची. तिने हे पत्रक पुढे करून विचारलं होतं, "मॅडम, ही साधनं म्हंजे कोनती?" मी घाईत होते. "त्यात लिहिलंय सगळं," म्हणाले होते. नाव मला ठाऊक नाही, गाव आठवत नाही. तिला शोधायचा मी प्रयत्न केला. सापडली नाही.

मी नवीन पत्रक लिहिलं. 'एका झाडावर नाही, वीस झाडांवरची बोंडं पाहा. वीस हिरवी बोंडं फोडा. दोनांत अळी दिसली तर फवारा. एकात दिसली तर थांबा. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वाऱ्याकडे पाठ करा. चक्कर आली तर फवारणी सोडा, डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.'

वर्ध्याच्या बैठकीत साहेबांनी ते बाजूला सारलं. "मॅडम, भाषेचा काही दर्जा? हे विभागाच्या नावाने जाणार आहे. थोडं तांत्रिक ठेवा."

पूर्वीची मी असते तर ठेवलं असतं.

"साहेब, मी दुपारपर्यंतच बोलू शकते," मी म्हटलं. "म्हणून थोडक्यात सांगते. मला एक शब्द कळला नव्हता. मी नऊ दिवस मशीनवर होते. हे पत्रक असंच जाईल."

आवाज शेवटी नाकात गेला. मी तो जाऊ दिला. कोणी पाणी पुढे केलं नाही, कोणी हसलं नाही. शेवटी ठरलं असं, वर जाणारा अहवाल त्यांच्या भाषेत, गावात जाणारं पत्रक माझ्या. मला पूर्ण हवं होतं, अर्धं मिळालं. गावाकडचं अर्धं मिळालं, ते घेतलं.

आजार गेलेला नाही. तो जाणारा नाही, हेही मी विचारूनच घेतलं आहे. पुन्हा सुरू केलेलं स्टेरॉइड सहावरून दीडवर आलं आहे. एकेक पायरी, तारीख घालून, विलासच्या अक्षरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिलेली. उन्हाळ्यात त्रास वाढतो, म्हणून सभा सकाळीच घेते. बसून बोलते.

गेल्या महिन्यात आर्वीपासून आत एका गावी समाजमंदिरात सभा होती. मी बोंडं फोडून दाखवत होते, माझ्या मते अगदी सोप्या भाषेत. मागून एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"मॅडम, हे मले नाई समजलं."

सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते खाली बसले नाहीत. वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदा कोणी मोठ्याने म्हटलं होतं.

"इकडं या काका, पुढं बसा," मी म्हटलं, आणि दुसरं बोंड त्यांच्याच हातात दिलं.